दाताचा इम्प्लांट करण्याआधी डॉक्टर कसा पारखायचा

माझ्या कपाटात एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत १० मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू आहे. पाच महिने तो माझ्या खालच्या जबड्यात, उजवीकडच्या पहिल्या दाढेच्या जागी होता. एका सकाळी दात घासताना ब्रश लागला आणि वर बसवलेल्या कॅपसकट तो हलला. त्याच जागी आता दुसरा इम्प्लांट आहे. त्याला सहा वर्षं झाली आणि मी त्या बाजूने निर्धास्त चावते. जबडा तोच, जागाही तीच. पहिल्या वेळी कुणी काहीच तपासलं नव्हतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्क्रू हातात घ्यायच्या आधी चार महिने माझ्या हिरड्या आणि साखर सुधारण्यात घालवले. तुम्हाला कुणी "इम्प्लांट करून घ्या" असं सांगितलं असेल, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा.

आधी थोडक्यात, हे प्रकरण आहे काय. इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडात जाणारा स्क्रू, त्यावर बसणारा जोडतुकडा (त्याला अबटमेंट म्हणतात) आणि सगळ्यात वर दिसणारा दात, म्हणजे कॅप. सगळा भार पेलतो तो हाडातला स्क्रू, आणि तो टिकतो कारण हाड त्याला घट्ट धरून वाढतं. स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण परत काढताच येईना, हाड त्याला चिकटलं होतं. त्यातून पुढे १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण सगळं वेळापत्रक तिच्यावरच ठरतं. हाडाला धरायला वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने, वरच्या जबड्यातलं हाड जास्त सच्छिद्र असल्यामुळे तीन ते सहा महिने. काही निवडक रुग्णांमध्ये लगेच तात्पुरता दात बसवता येतो, ते खोटं नाही. पण तुमचं हाड न बघताच कुणी "दोन दिवसांत पक्का दात" म्हणत असेल, तर तिथून उठा.

इम्प्लांट लागणारच आहे का?

हा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारलाच नाही. दाढ दुखत होती, मी गेले, तिथे एक्स-रे काढला आणि सांगितलं, काढून टाकू आणि इम्प्लांट बसवू. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी तोच जुना एक्स-रे प्रकाशासमोर धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ही दाढ वाचली असती असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही. पण रूट कॅनलचा विचार तरी व्हायला हवा होता." ते वाक्य मला आजही टोचतं. आपला दात तो आपला दात. तो वाचण्यासारखा असेल, तर त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा: "हा दात वाचवता येईल का? नाही, तर का नाही, ते मला एक्स-रेवर दाखवा." मुळाला उभी चीर गेली असेल, हाड बरंच झिजलं असेल, तर डॉक्टर ते बोट ठेवून दाखवू शकतात.

दात आधीच गेला असेल तरी पर्याय असतात. माझ्या मावसबहिणीच्या गेलेल्या दाताच्या शेजारच्या दोन्ही दातांवर आधीपासूनच कॅप होत्या. तिच्या डॉक्टरांनी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने मधली जागा भरणारा दात) सुचवला आणि तिच्यासाठी ते योग्यच होतं. शेजारचे दात धडधाकट असतील तर ब्रिजसाठी ते घासावे लागतात, तिथे इम्प्लांट सरस ठरतो. आमच्या शेजारच्या काकांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना खाली एकही दात नव्हता आणि कवळी बोलताना उचलली जायची. चारचौघांत बसून जेवणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. त्यांना खाली फक्त दोन इम्प्लांट बसवले आणि कवळी त्यांवर बटणासारखी अडकते, टक् असा आवाज येतो. पहिल्याच दिवशी त्यांनी तो आवाज मला दोनदा ऐकवला. सगळ्यांना सगळे दात स्क्रूवर बसवायची गरज नसते. डॉक्टरांनी तुमच्यासमोर एकच पर्याय ठेवला असेल, तर बाकीचे का ठेवले नाहीत ते विचारा.

दात काढल्यानंतर तिथलं हाड आक्रसत जातं आणि पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त. त्यामुळे वर्षानुवर्षं टाळत बसू नये. पण आजच्या आज सही करण्याइतकी घाईही कधीच नसते. विचार करायला आणि दुसरं मत घ्यायला आठ-पंधरा दिवस सहज मिळतात.

पहिल्या भेटीत डॉक्टरांचे हात काय करतात ते बघा

पहिल्या दवाखान्यात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलली ती टेबलावर बसलेली व्यक्ती, आणि ती डॉक्टर नव्हती. तिने पॅकेज समजावलं, आज नाव नोंदवलं तर सवलत म्हणाली. डॉक्टर खुर्चीपाशी आले, तोंडात आरसा घातला, दोन मिनिटांत "होऊन जाईल" म्हणाले. मधुमेह आहे का, हे एका छापील फॉर्मवर होतं. मी "हो" वर खूण केली होती. त्या खुणेकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दवाखान्यात धाकटी नणंद मला जवळजवळ ओढून घेऊन गेली. तिथे डॉक्टरांनी आधी विचारलं, "औषधं कोणकोणती चालू आहेत? सगळी सांगा, दाताशी संबंध नसलेलीसुद्धा." मग एक बारीक, टोकाला काळ्या खुणा असलेली सळई घेऊन ते एकेका दाताच्या कडेने हिरडीत हलकेच घालत गेले आणि सहायक मुलीला आकडे सांगत गेले. तीन, दोन, तीन. चार. पाच, रक्त. सहा, रक्त. मी खुर्चीत आडवी पडून ते आकडे ऐकत होते. एकेका दाताच्या सहा जागा, सगळं तोंड. तो तक्ता पुरा व्हायला वीसेक मिनिटं लागली असतील. नंतर त्यांनी अर्थ सांगितला: दात आणि हिरडी यांच्यातली फट तीन मिलिमीटरपर्यंत असली तर साधारण ठीक, त्याहून खोल आणि रक्त येत असेल तर हिरडीचा आजार. माझ्या मागच्या दाढांपाशी पाच आणि सहा होते. "या तोंडात आज इम्प्लांट बसवला," ते म्हणाले, "तर ज्या जंतूंनी तुमचं हाड खाल्लंय तेच त्या स्क्रूभोवतीचंही खातील."

ही सळई (पेरिओ प्रोब) तुमच्या तोंडात फिरली का, हे मी आता प्रत्येकाला विचारते. फिरली नसेल, तर तपासणी झालीच नाही असं समजा.

मग साखर. माझी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तेव्हा ९.१ होती. डॉक्टर म्हणाले, आधी फिजिशियनकडे जा, हे सातच्या आसपास आणा, मग बोलू. मी नाराज झाले होते. दाढेची जागा रिकामी, एका बाजूने चावायचं, आणि हे म्हणतात थांबा! पण मी थांबले. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. विड्या-सिगारेटींचंही तसंच. ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त असतं. डॉक्टर याबद्दल स्पष्ट बोलत असतील तर राग मानू नका, ते तुमच्या बाजूने बोलत आहेत.

दोन औषधांबद्दल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं (ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब अशी नावं चिठ्ठीवर असतील), आणि रक्त पातळ करणारी औषधं. पहिल्या प्रकारात जबड्याचं हाड नीट न भरण्याचा धोका असतो, कॅन्सरसाठी मोठे डोस घेतलेल्यांमध्ये तो बराच जास्त. दुसऱ्या प्रकारात रक्तस्राव. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कितीही वाटलं तरी. ज्या डॉक्टरांनी ती दिली, त्यांनाच विचारायचं.

स्कॅन दाखवा म्हणा

साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. जाडी कळायला सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन लागतो. माझ्या पहिल्या वेळी तो झाला नव्हता. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पडद्यावर माझा जबडा वडीच्या कापांसारखा एकेक काप करून दाखवला आणि खालच्या बाजूने जाणाऱ्या नसेवर लाल रेघ ओढली. त्या नसेमुळे आपला खालचा ओठ आणि हनुवटी यांना स्पर्श कळतो. स्क्रूचं टोक आणि ती नस यांत निदान दोन मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं. माझ्या बाबतीत साडेतीन होतं, ते मला त्यांनी मोजून दाखवलं. वरच्या मागच्या दाढांना नसेऐवजी सायनसची पोकळी बघावी लागते. हाड कमी असेल तर तिचा तळ उचलून खाली हाड भरावं लागतं, त्याला सायनस लिफ्ट म्हणतात.

हाड भरायचं (बोन ग्राफ्ट) ठरलं तर ते कशाचं आहे हेही विचारा. स्वतःच्याच जबड्याचं असू शकतं, दात्याचं, प्राण्याच्या हाडावर प्रक्रिया केलेलं किंवा कृत्रिम. काहींना श्रद्धेमुळे प्राणिज पदार्थ चालत नाही. त्यांनी आधीच सांगितलं तर पर्याय मिळतो, नंतर कळलं की मनाला लागतं.

विचारायचे प्रश्न, आणि उत्तरं कशी ऐकायची

मी हे प्रश्न कागदावर लिहून नेले होते आणि खुर्चीत बसायच्या आधी, समोरासमोर बसून विचारले. आडवं पडून, तोंड उघडं ठेवून कुणालाही नीट प्रश्न विचारता येत नाहीत.

"तुमचे इम्प्लांट निकामी होतात का?" हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. एकूण पाहिलं तर दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात, म्हणजे उपचार चांगलाच आहे. पण उरलेले कुणाचे तरी असतातच. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी "आमच्याकडे असं होत नाही" म्हटलं होतं आणि मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "होतात. गेल्या वर्षी दोन काढले. एक रुग्ण रात्री दात खायचा, ते मला आधी कळायला हवं होतं." त्या उत्तराने माझा निर्णय झाला. आपली चूक जो सांगतो, तो माझ्या बाबतीत काही बिनसलं तर लपवणार नाही.

"स्क्रू कोण बसवणार आणि कॅप कोण?" अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेपुरते बाहेरचे तज्ज्ञ येतात. त्यात वावगं काही नाही, उलट ओरल सर्जन किंवा हिरड्यांचे तज्ज्ञ आले तर चांगलंच. पण त्यांचं नाव, शिक्षण आणि नोंदणी आधी कळली पाहिजे, आणि सहा महिन्यांनी दुखलं तर फोन कुणाला करायचा हेही. माझ्या पहिल्या वेळी स्क्रू बसवणारे डॉक्टर मला पुन्हा कधी दिसलेच नाहीत.

"निकामी झाला तर पुढे काय?" पुन्हा बसवून देणार का, त्याचा खर्च कोणाकडे, किती काळापर्यंत. हे तोंडी घेऊ नका. उपचाराचा आराखडा, टप्पे, प्रत्येक टप्प्याचा खर्च, सगळं लिहून मागा. "आजीवन गॅरंटी" बहुतेक वेळा फक्त स्क्रूवर असते. हाड, हिरडी, कॅप आणि पुन्हा करायची मेहनत त्यात धरलेली नसते.

आणि "मला इम्प्लांटचं कार्ड मिळेल का?" प्रत्येक स्क्रूच्या पाकिटावर कंपनी, मॉडेल, लांबी-जाडी आणि लॉट नंबर लिहिलेला स्टिकर असतो. तो तुमच्या कार्डावर चिकटवून द्यायचा असतो. मला पहिल्या वेळी तो मिळाला नव्हता, आणि त्याची किंमत मी दुसऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीत मोजली. नुसता जोडतुकड्याचा स्क्रू ढिला झालाय की हाडातलाच हलतोय, हे त्यांना बघायचं होतं. जोडतुकड्याचाच असेल तर घट्ट करून भागतं. पण प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची खाच वेगळी, तिला लागणारा ड्रायव्हर वेगळा. एक्स-रेतल्या आट्यांच्या आकारावरून अंदाज करत त्यांनी एकामागून एक चार ड्रायव्हर लावून पाहिले. चौथा बसला, त्यांनी हलका पीळ दिला आणि सगळंच फिरलं, स्क्रूसुद्धा. फारसं दुखलं नाही. हाडाने तो धरलाच नव्हता. त्यांनी तो धुऊन माझ्या हातावर ठेवला. वजन काहीच नव्हतं त्याला.

पहिल्या दवाखान्यात मी तो घेऊन गेले तेव्हा "तुम्ही कडक काहीतरी चावलं असेल" असं ऐकून परत आले. दुसऱ्या डॉक्टरांना मी कारण विचारलं. ते म्हणाले, साखर, हिरड्या, कदाचित बसवताना हाड तापलं असेल, नक्की एकच कारण सांगता येणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर भांडणात शक्ती घालवण्याआधी आपले एक्स-रे, स्कॅन, बिलं आणि नोंदी यांच्या प्रती मागून घ्या. दुसरा डॉक्टर त्यांच्याशिवाय अंधारात चाचपडतो.

दुसरं मत घ्यायला जाताना एक पथ्य पाळा: स्कॅन द्या, पण पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आधी सांगू नका. त्यांचं त्यांना ठरवू द्या. लोकांची मतं वाचतानाही जपून. इम्प्लांट बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी "खूप छान, अजिबात दुखलं नाही" लिहिणाऱ्याकडून वागणूक कळते, काम कळत नाही. ज्यांना पाच-सात वर्षं झालीत असा कुणी भेटला तर त्याच्याशी बोला.

शस्त्रक्रियेचा दिवस आणि नंतरची वाट पाहणं

याची भीती सगळ्यांना वाटते आणि खरं तर सांगण्यासारखं यात सगळ्यात कमी आहे. भूल दिलेली असते. दाब जाणवतो, कंप जाणवतो, पाण्याचा फवारा घशाशी येतो. माझं अर्ध्या-पाऊण तासात झालं. दाढ काढताना जितकं दुखलं होतं त्यापेक्षा हे कमी दुखलं. पहिला दिवस चूळ जोरात भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही, कारण तयार झालेली रक्ताची गुठळी निघून येते. बाहेरून गालावर थंड शेक, मऊ आणि गार-कोमट खाणं, औषधं वेळेवर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते. घाबरू नका.

एका गोष्टीला मात्र त्याच दिवशी घाबरा. भूल उतरायची वेळ टळून गेली, तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच राहिली, मुंग्या येत राहिल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच फोन करायचा. स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो पहिल्या एक-दोन दिवसांत काढण्याने जेवढा फायदा होतो तेवढा नंतर होत नाही. चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू किंवा ताप आला, तरीही गप्प बसू नका.

कॅप बसवायची वेळ आली की विचारा, ती सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने. दोन्ही पद्धती चालतात. सिमेंट असेल तर जादा सिमेंट हिरडीखाली राहिलेलं नाही ना, हे बसवल्यावर एक्स-रे काढून बघतात, कारण तो राहिलेला कण पुढे हिरडी सुजवतो. मग रंगीत कागद चावायला देतात. तिथे घाई करू नका. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक मऊ पडदा असतो, तो आपल्याला "जास्त दाब पडतोय" हे सांगतो. इम्प्लांटला तो नसतो. त्यामुळे कॅप उंच असेल तरी तुम्हाला पटकन कळणार नाही. चावा, सरकवा, पुन्हा चावा. रात्री दात खायची सवय असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर चढवायचं आवरण) मागून घ्या.

इम्प्लांट आजारी पडला तरी बहुतेक वेळा दुखत नाही. कीड त्याला लागत नाही, पण त्याच्याभोवतीचं हाड मुकाट्याने झिजू शकतं. ब्रशला रक्त, कडेला सूज, तोंडाला वास, दाबल्यावर पू, यातलं काही दिसलं तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. मी रोज रात्री त्या कॅपच्या दोन्ही बाजूंनी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवते. सहा महिन्यांनी क्लीनिंग, वर्षातून एकदा एक्स-रे, आणि तीच काळ्या खुणांची सळई. डॉक्टर अजूनही आकडे मोठ्याने सांगतात. मागच्या महिन्यात त्या जागेचे होते तीन, दोन, तीन. रक्त नाही.

कार्डाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि नणंदेच्याही.